दोन भोकं वर

वास्कोहून आणलेलं पंधरा हॉर्सपॉवरचं इंजिन,
जुन्या मालकाने पांढऱ्या रंगात वर 'जेनी' लिहिलेलं,
माझ्या होडीच्या मागच्या फळीवर चढवलं
तेव्हा ते बसलं खोल,
पाट मांडलेला असून पाहुणा भुईवर बसावा तसं.

लांब दांड्याचं इंजिन, आखूड फळीची होडी.
पाच इंचांचा हिशेब चुकला होता
आणि पैसे तर मोजून दिलेले.

देवबागच्या जेटीवरून सुटलं
की मागे पाण्याचा तुरा उडून माझीच पाठ भिजायची,
होडी नाक वर करून चालायची
गाभण म्हशीसारखी,
आणि चोणक,
ज्याच्यापायी हा सगळा खर्च,
भरतीच्या पहिल्या पाण्यात खांबांपाशी येऊन, खाऊन,
मी पोचेपर्यंत परत गेलेला असायचा.

इनास मिस्त्री सायकलवरून आला.
कॅरिअरला पाने, फणसाच्या लाकडाचे तुकडे,
खिशात तंबाखू नाही, बडीशेप.
डॉक्टरने सांगितल्यापासून.
इंजिनाकडे त्याने पाहिलंच नाही. आधी पाणी पाहिलं.
मग पंख्यावरच्या आडव्या पट्टीवर बोट ठेवून म्हणाला,
"ही पाण्याक लागान चलाक व्हयी.
बुडाक नको, उडाक नको."

घड्याळ त्याच्याकडे नव्हतं,
माझ्या फोनवर त्याचा विश्वास नव्हता.
जेटी ते कर्लीचं मुख, एवढं अंतर तो
'नमान मोरिये'त मोजायचा,
ओठ मिटलेले, बोटं मांडीवर.
पहिली खेप: अकरा.

फळीवर फणसाचा तुकडा चढला.
इंजिन दोघांनी उचललं,
आजाऱ्याला उशीवर सरकवतात तसं,
कण्हणं तेवढं आमचं.
साडेनऊ.
"अर्धी म्हणजे खंयसर?"
"पाप्यांपर्यंत."

मग ब्रॅकेटचं एक भोक वर, नऊ. दुसरं भोक, आठ.
होडीचं पोट पाण्यावरून सुटलं,
हँडल हातात हलकं, झोपलेल्या पोराच्या मनगटाइतकं,
मागचा तुरा मोडून नुसती पांढरी रेघ उरली.
इथे थांबायचं होतं.
मी म्हटलं, अजून एक.

इनास काही बोलला नाही.
पाना पुसून माझ्या हातात दिला.

तिसऱ्या भोकावर सरळ रेषेत होडी म्हणजे
तापल्या तव्यावरचा थेंब.
मी ओरडलोसुद्धा काहीतरी, कोणाला कोण जाणे.
वाळूच्या दांड्याला वळसा घातला
आणि पंख्याच्या तोंडात वारा गेला.
इंजिन किंचाळलं. होडी जागच्या जागी.
आवाज सगळा, चाल शून्य.
आणि इंजिनाच्या बगलेतून पडणारी
ती पाण्याची धार, जिच्याकडे मी कधी बघत नव्हतो,
दोऱ्याएवढी झाली, मग थेंब, मग नुसती वाफ.

"बंद कर."

ओहोटीने आम्हाला हळूहळू बाहेर ओढायला घेतलं.
त्याने बडीशेप पुढे केली.
वीस वर्षांमागे त्याचाही एक पिस्टन असाच भाजला होता,
ह्याच वळणावर, एवढ्याच हौसेने.
"बायलेच्यो पाटल्यो गेल्यो," म्हणाला,
आणि दातात अडकलेला दाणा जिभेने काढत बसला.

वल्ही मारत परत आलो.
इंजिन निवलं, एक भोक खाली घेतलं.
त्याने फळीवर खिळ्याने रेघ ओढली,
खाली दुसरी, थोडी बुटकी:
वरची मी एकटा असताना,
खालची मागे माणसं बसली तर.
पैसे घेतले फक्त लाकडाचे.

आता पहाटे एकटा निघतो,
मान वळवून वेग बघत नाही,
धार बघतो,
करंगळीएवढी, कोमट, न तुटता पडणारी.
आणि मोजतो.
ती प्रार्थना मला अर्धीच येते, पाप्यांच्या अलीकडची,
म्हणून माझा आकडा सोळा येतो.
इनास म्हणतो, चलात.

काल सोळालाच पोचलो.
खांबापाशी पाणी नुकतंच फिरलेलं,
वर एक बुडबुडा.
चोणक होता, की माझ्याच पंख्याचा वारा,
बघत राहिलो.